व्हिया तास्सोवरची चार बिऱ्हाडे

रोममध्ये सान जोव्हान्नी इन लातेरानो या प्रचंड चर्चपासून चालत निघाले की पाच-सात मिनिटांत व्हिया तास्सो हा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना उंच राहत्या इमारती, दारांवर घंटांची बटणे, बटणांशेजारी भाडेकरूंची नावे. १४५ क्रमांकाच्या दारावरून मी दोनदा पुढे गेलो आणि दोनदा मागे आलो. संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कमान, बाग, तिकीटखिडकी येते. इथे यातले काही नाही. जिन्याने वर जायचे. एका बाजूला कोणाचे तरी घर, दुसऱ्या बाजूला रोमच्या मुक्तीचे ऐतिहासिक संग्रहालय. प्रवेश फुकट.

सप्टेंबर १९४३ ते ४ जून १९४४ असे नऊ महिने रोम जर्मनांच्या ताब्यात होते. त्या काळात हे घर एस. एस. च्या सुरक्षा पोलिसांचे ठाणे होते आणि हर्बर्ट काप्लर हा तिथला प्रमुख. इमारत युद्धाच्या काही वर्षे आधी राहण्यासाठी बांधलेली, रुस्पोली या सरदार घराण्याच्या मालकीची, आणि जर्मन दूतावासाने आपल्या सांस्कृतिक कचेरीसाठी भाड्याने घेतलेली. १५५ क्रमांकाच्या बाजूला कचेऱ्या, १४५ च्या बाजूला तुरुंग. तुरुंग म्हणजे काय, तर बिऱ्हाडेच. खिडक्या विटांनी बुजवल्या, दारांवर झरोका ठेवला, आणि बैठकीची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, अडगळीची खोली अशा सगळ्यांच्या कोठड्या झाल्या. त्या विटा अजून तशाच आहेत. सुमारे दोन हजार माणसे इथून गेली असे सांगतात. त्यांतली काही सुटली, काही रेजिना चेली या शहराच्या जुन्या तुरुंगात गेली, काही जर्मनीकडच्या गाडीत बसवली गेली, आणि बरीच गोळ्या घालून मारली गेली.

मी इथे कसा पोहोचलो हे सांगितले पाहिजे, कारण मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि युरोपचा अभ्यासक तर मुळीच नाही. तीस वर्षे नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी शिलालेखांचे ठसे घेत हिंडणे एवढाच माझा उद्योग. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि इटलीत लढून परतले होते. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात ‘इटली स्टार’ हे पदक होते आणि जिभेवर चार-दोन इटालियन शब्द. पावाला ते ‘पाने’ म्हणायचे, आणि आम्हा मुलांना वाटायचे की तात्या युद्धात झाडाची पाने खाऊन राहिले. लढाईबद्दल मात्र त्यांनी कधी अवाक्षर काढले नाही. सांग्रो नदीकाठच्या युद्ध-स्मशानात, जिथे दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे कोरलेली आहेत, तिथे जायचे म्हणून मी पैसे साठवून इटलीला गेलो. रोमचे दोन दिवस परतीच्या विमानामुळे पदरात पडले. त्यातला दीड दिवस या घरात गेला. पुढची चार वर्षे शब्दकोश उशाशी घेऊन इटालियन वाचण्यात गेली ती याच दीड दिवसामुळे.

एकांत कोठड्या पाहिल्यावर माझ्यातला ठसे घेणारा माणूस जागा झाला. दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील असे वाटावे इतकी अरुंद जागा. उजेड नाही, हवा नाही. आणि भिंतीवर अक्षरे. खिळ्याने, नखाने, हाताला लागेल त्याने गिलाव्यात ओरखडलेली. आता त्यांच्यावर पारदर्शक पत्रे लावले आहेत. कोणी दिवस मोजण्यासाठी रेघा ओढल्या आहेत, कोणी क्रूस काढला आहे, कोणी देशाचा जयजयकार केला आहे, कोणी आईला आणि बायकोला निरोप दिला आहे. मृत्यूबद्दल लिहिणारे बरेच. काही ओळी इतक्या नेमक्या आणि घडीव की वाटावे, लिहिणाऱ्याने त्या आधी मनात कितीदा तरी घोटल्या असतील. गिलाव्यात चूक खोडता येत नाही.

शिलालेख वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा की, लेख कोणी कोरवला आणि कोणी वाचावा म्हणून. राजाचा लेख प्रजेसाठी असतो, दानलेख पुढच्या पिढ्यांनी दान मोडू नये म्हणून असतो. इथे कोरणारा आणि कोरवणारा एकच. वाचणारा कोण? काही ओळींचा रोख उघड पुढच्या कैद्याकडे आहे. तू एकटा नाहीस, तुझ्या आधी मी इथे होतो, बोलू नकोस. म्हणजे हा लेख पुढच्या पिढ्यांसाठी नाही, पुढच्या आठवड्यासाठी आहे. संग्रहालय झाल्यावर त्याचा वाचक बदलला. आपण वाचतो तेव्हा दुसऱ्याला आलेले पत्र उघडून वाचतो, हे भान त्या खोलीत सुटता कामा नये. मला ते राहिले ते खोलीच्या अरुंदपणामुळे. तिथे एकावेळी दोन माणसे उभी राहिली तरी एकमेकांचा श्वास ऐकू येतो.

ज्यांना ही भिंत सगळ्यात जवळून ठाऊक होती त्यांच्यापैकी एक आर्रिगो पालादिनी. तो इथे कैदी होता, भिंतीवर लिहिणाऱ्यांत होता, आणि पुढे १९८० च्या दशकात याच संग्रहालयाचा संचालक झाला. आपल्याच कोठडीचा राखणदार! शिलालेखाच्या क्षेत्रात असा योग येत नाही. कोरणारा माणूस आठशे वर्षांनी येऊन वाचन दुरुस्त करून देत नाही.

घराचे संग्रहालय कसे झाले, हीही एक गोष्टच आहे. मुक्तीनंतर इमारत पुन्हा घर झाली. बेघर कुटुंबे तिथे येऊन राहिली. १९५० साली मालकीणबाई, प्रिन्सेस योझेफा रुस्पोली, यांनी चार बिऱ्हाडे सरकारला दिली, अट अशी की तिथे संग्रहालयच व्हावे. ४ जून १९५५ रोजी, मुक्तीच्या अकराव्या वर्षदिनी, ते उघडले आणि १९५७ मध्ये त्याचा कायदा झाला. बाकीच्या बिऱ्हाडांत लोक राहत होते, आजही राहतात. मी तिसऱ्या मजल्यावरच्या विटा लावलेल्या खिडकीपाशी उभा होतो तेव्हा भिंतीपलीकडून कोणाच्या तरी घरातल्या भांड्यांचा आवाज आला. मला आधी ते खटकले. नंतर लक्षात आले की त्या नऊ महिन्यांतही शेजारच्या इमारतींतून भांड्यांचा आवाज येतच होता, आणि इथला आवाज तिकडे जात होता.

आता संग्रहालय म्हणून त्याचे मूल्यमापन करायचे तर पहिली गोष्ट ही सांगावी लागते की या घरात दोन संग्रहालये एकात एक घुसलेली आहेत. एक देवघर आहे आणि दुसरे दप्तर. देवघरात हुतात्म्यांची छायाचित्रे, पदके, झेंडे. दप्तरात जर्मन फतवे, भूमिगत वर्तमानपत्रे, खोटी ओळखपत्रे, पत्रके. देवघरात आपण मान खाली घालतो, दप्तरात डोळे बारीक करतो. एकाच खोलीत दोन्ही करणे कठीण जाते. इटालियन अभ्यासकांनी या पेचाविषयी भरपूर लिहिले आहे आणि बहुतेकांचा कल देवघर कमी करून दप्तर वाढवावे असा आहे. मला हे पूर्ण पटत नाही. १९५५ साली ज्यांनी काचेच्या पेट्या भरल्या त्यांचे भाऊ, नवरे, मुलगे या घरात होते. त्यांनी केलेली मांडणी हाही आता एक कागदपत्रच आहे. वीरगळावरचा शेंदूर खरवडून काढणारे संशोधक मी पाहिले आहेत. खालचे शिल्प स्वच्छ दिसते हे खरे, पण आठ पिढ्यांनी त्या दगडाशी काय नाते ठेवले ते कायमचे जाते.

छायाचित्रांतले चेहरे मात्र सावकाश पाहावेत, कारण त्यांतून या प्रतिकाराचे एक वैशिष्ट्य कळते. तो एका रंगाचा नव्हता. कर्नल जुझेप्पे कॉर्देरो लान्झा दी मॉन्तेझेमोलो हे राजनिष्ठ लष्करी अधिकारी, भूमिगत लष्करी आघाडीचे प्रमुख. जोव्हान्नी फ्रिन्यानी हे काराबिनिएरी दलाचे लेफ्टनंट कर्नल. जुलै १९४३ मध्ये मुसोलिनीला अटक झाली त्यात त्यांचा हात होता. जोआक्कीनो जेझ्मुन्दो हे शाळेत इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवणारे कम्युनिस्ट. त्यांच्या घरात चार टोकांचे खिळे साठवले जात. हे खिळे कसेही फेकले तरी एक टोक वर राहते आणि लष्करी ट्रकचे टायर फुटतात. आपल्याकडे किल्ल्यांच्या वाटेवर गोखरू पसरत, तीच युक्ती. दॉन पिएत्रो पाप्पागाल्लो हे धर्मगुरू, ज्याला गरज असेल त्याला खोटी कागदपत्रे करून देणारे. रोबेर्तो रोस्सेल्लिनीच्या ‘रोमा चित्ता अपेर्ता’ (१९४५) या चित्रपटातल्या धर्मगुरूच्या पात्रामागे त्यांची आणि दॉन जुझेप्पे मोरोझिनी यांची अशा दोघांची सावली आहे. कम्युनिस्ट भूमिगत पथकातली मारिया तेरेझा रेगार्द हीसुद्धा या घरात होती आणि सुटली.

या मंडळींच्या अटकेच्या तारखा मी वहीत एकाखाली एक लिहून काढल्या तेव्हा चमकलो. मॉन्तेझेमोलो २५ जानेवारी १९४४. जेझ्मुन्दो आणि पाप्पागाल्लो दोघेही २९ जानेवारी. असे का? कारण २२ जानेवारीला दोस्तसैन्य रोमच्या दक्षिणेला आन्त्सिओच्या किनाऱ्यावर उतरले. रोम दोन-चार दिवसांत सुटणार असे सगळ्यांना वाटले. भूमिगत माणसे बिळातून बाहेर आली, निरोप उघड फिरू लागले, शस्त्रांची जमवाजमव सुरू झाली. पण दोस्तसैन्य किनाऱ्यावरच अडकले आणि चार महिने तिथून हलले नाही. काप्लरच्या माणसांनी आयते सावज टिपले. कोठड्या भरल्या त्या आशेच्या आठवड्यात. मॉन्तेझेमोलो यांनी इथे ५८ दिवस छळ सोसला, पण तोंड उघडले नाही.

त्या ५८ दिवसांचा शेवट २४ मार्चला झाला. आदल्या दिवशी दुपारी व्हिया राझेल्ला या चढाच्या रस्त्यावर कम्युनिस्ट पथकाने बॉम्ब उडवला. दक्षिण टिरोलच्या जर्मनभाषक लोकांतून उभारलेल्या ‘बोझेन’ पोलीस रेजिमेंटचे ३३ जण त्यात मेले. काही नागरिकही मेले, त्यांत एक लहान मुलगा होता. एका जर्मनामागे दहा इटालियन असा हुकूम सुटला. मृतांचा आकडा तेव्हा ३२ होता. म्हणजे ३२०. आणखी एक मेल्याचे कळताच काप्लरने आपल्या अखत्यारीत दहा वाढवले. यादी करताना आणखी पाच चुकून आले, आणि त्यांनी सगळे पाहिले आहे म्हणून त्यांनाही मारले. एकूण ३३५. व्हिया तास्सोतून, रेजिना चेलीतून, आणि यहुदी म्हणून पकडलेल्यांतून यादी पुरी केली. मारले गेलेल्यांत सुमारे ७५ यहुदी होते. शहराबाहेर व्हिया आर्देआतिनावरच्या जुन्या खाणींत नेऊन, पाच-पाच जणांना आत घेऊन, मानेत गोळ्या घातल्या आणि तोंड सुरुंगाने बंद केले. पुढे आत्तिलिओ आस्कारेल्ली या न्यायवैद्यक डॉक्टरांनी महिनोन्‌महिने एकेक मृतदेह ओळखून काढण्याचे काम केले. कपड्याचा तुकडा, खिशातले पत्र, दात यांवरून. हेही एक वाचनच.

या घटनेभोवती एक फार मोठी लोककथा आहे आणि माझ्या मते व्हिया तास्सोच्या संग्रहालयापुढचे सगळ्यात अवघड काम तिच्यात आहे. रोममध्ये असंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या असे सांगत आले की, जर्मनांनी आधी भिंतींवर पत्रके लावली होती. बॉम्ब टाकणाऱ्यांनी स्वतःहून हजर व्हावे, नाहीतर ओलिसांना मारू, असे त्यांत लिहिले होते. पण ते भेकड निघाले, लपून बसले, आणि म्हणून ३३५ निरपराध मेले. असे पत्रक कधी लागलेच नाही. बॉम्ब २३ तारखेला दुपारी चारच्या सुमारास फुटला. खाणीतल्या गोळ्या २४ तारखेच्या दुपारी सुरू झाल्या आणि संध्याकाळी थांबल्या. निवेदन २४ च्या रात्री उशिरा निघाले आणि २५ च्या वर्तमानपत्रांत आले. त्यातच म्हटले होते की हुकमाची अंमलबजावणी झालेली आहे. आलेस्सान्द्रो पोर्तेल्ली या मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाने १९९९ साली लिहिलेल्या पुस्तकाचे नावच त्या वाक्यावर आहे. लोकांना न घडलेली गोष्ट इतकी स्पष्ट का आठवते, हा त्याचा प्रश्न. खोटे बोलणाऱ्याला पकडून तो थांबत नाही, त्या आठवणीचा अर्थ शोधतो, आणि म्हणून ते पुस्तक मोठे आहे.

आता गंमत पाहा. हे संग्रहालय पत्रकांनी भरलेले आहे. संचारबंदीचे पत्रक, शस्त्रे जमा करण्याचे पत्रक, मजुरीसाठी हजर होण्याचे पत्रक, शिक्षा जाहीर करणारे पत्रक. आपण पेटीमागून पेटी पाहत जातो आणि मनाला सवय लागते की जर्मन राजवट म्हणजे भिंतीवर पत्रक. मग ‘हजर व्हा’ हे पत्रकही असेलच असे वाटू लागते! जे पत्रक सगळ्यांना आठवते तेवढे एकच नव्हते, आणि जे नव्हते ते काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. वस्तूंच्या संग्रहालयाची ही जात्याच असलेली मर्यादा आहे. माझ्या क्षेत्रात याला समांतर म्हणजे अनुपलब्ध ताम्रपट. गावात सगळे सांगतात, आमच्या पंजोबांकडे होता, वाड्याच्या आगीत गेला. तो मुळात नव्हता हे सिद्ध कसे करणार? मला असे वाटते की इथे एक पेटी रिकामी ठेवावी, तिच्याखाली २३, २४ आणि २५ मार्चचे तास ओळीने लिहावेत आणि दुसरे काही लिहू नये. पाहणारा स्वतः बेरीज करील.

हा जुन्या लोकांचा वाद आहे असे कोणी समजू नये. १९९९ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिया राझेल्लाचा हल्ला हे युद्धकृत्य असल्याचे म्हटले. तरी २०२३ साली सिनेटच्या अध्यक्षांनी ते मेलेले सैनिक म्हणजे अर्धवट निवृत्त वादकांचे बँडपथक होते असे विधान केले आणि गदारोळ झाल्यावर माफी मागितली. स्वतः काप्लरला १९४८ मध्ये जन्मठेप झाली. १९७७ च्या ऑगस्टमध्ये तो चेलिओच्या लष्करी रुग्णालयातून पळाला आणि सहा महिन्यांनी जर्मनीत आपल्या घरी मेला. चेलिओ हे व्हिया तास्सोपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. यादीवर नावांपुढे खुणा करणारा एरिख प्रीब्के अर्जेंटिनात बारिलोचेला जाऊन राहिला होता. १९९४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीच्या पत्रकारांनी त्याला भर रस्त्यात गाठले. १९९८ मध्ये जन्मठेप झाली ती त्याने रोममध्ये घरातल्या घरात भोगली आणि २०१३ मध्ये, शंभरी पूर्ण करून, तो मेला. त्याला पुरायचे कुठे यावरून दंगल झाली.

हद्दपारीविषयी मला जरा वेगळे बोलायचे आहे. प्रतिकाराने या घरावर खुणा ठेवल्या, हद्दपारीने ठेवल्या नाहीत. १६ ऑक्टोबर १९४३ च्या पहाटे, पावसात, रोमच्या यहुद्यांची धरपकड झाली. ती मोहीम आइखमनच्या कचेरीतून आलेल्या थेओडोर डानेकरने चालवली. बाराशेहून अधिक माणसे पकडली. त्यांना तिबर नदीकाठच्या लष्करी शाळेत दोन दिवस ठेवले आणि तिबुर्तिना स्थानकावरून मालगाडीच्या डब्यांतून औश्वित्झला नेले. गेले ते एक हजाराहून जास्त. १०२३ हा आकडा आज बहुधा धरला जातो. परतले सोळा. पंधरा पुरुष आणि एकच स्त्री, सेत्तिमिया स्पित्सिकीनो. दोनशेहून अधिक मुले होती. त्यांतले एकही परतले नाही. ही माणसे व्हिया तास्सोच्या कोठड्यांत आलीच नव्हती. त्यांना भिंत मिळाली नाही. संग्रहालयात त्यांच्यासाठी खोली आहे, कागद आहेत, छायाचित्रे आहेत. पण एकांत कोठडी पाहून आलेला माणूस या खोलीत येतो तेव्हा त्याचा आवेग ओसरलेला असतो. खरोखर रोममध्ये नाझी सत्तेने एका दिवसात एवढी माणसे पकडली, आणि घराच्या रचनेमुळे तीच दुय्यम वाटू लागतात.

तरी एक धागा या घराशी बांधलेला आहे आणि तो मांडणीच्या मध्यभागी आणला तर ही उणीव बरीच भरून निघेल. २६ सप्टेंबरला काप्लरने यहुदी समाजाच्या दोन पुढाऱ्यांना बोलावून ५० किलो सोने मागितले. मुदत ३६ तास. नाही दिले तर दोनशे माणसे नेऊ. समाजाने अंगठ्या, साखळ्या, लग्नातले दागिने, काही ख्रिस्ती शेजाऱ्यांनी आणून दिलेलेसुद्धा, असे करून सोने जमवले आणि २८ तारखेला ते इथे, व्हिया तास्सोवर, आणून घातले. इथल्या तराजूत ते पाच-पाच किलो करून तोलले. मोजणीवरून जर्मन कॅप्टनने वाद घातला, पुन्हा तोलायला लावले. पावती दिली नाही. समाजाला वाटले, संकट टळले. लोक घरे सोडून गेले नाहीत. पुढच्या काही दिवसांत समाजाच्या कचेरीतले कागद गेले आणि शतकानुशतके जमवलेले ग्रंथालय आगगाडीच्या डब्यांत भरून नेले, ते आजतागायत सापडलेले नाही. त्यानंतर १६ ऑक्टोबर. म्हणजे या घरात कैदी आले तसे सोनेही आले होते. पुस्तकांवर जीव असलेल्या माणसाने त्या ग्रंथालयाविषयी वाचू नये. मी वाचले आणि तीन रात्री झोपलो नाही.

हद्दपारी हा शब्द इटलीत अनेक प्रकारच्या माणसांवर बसतो हेही इथे कळते. ७ ऑक्टोबरला रोमच्या काराबिनिएरींना निःशस्त्र करून जर्मनीकडे पाठवले, दोन हजारांच्या वर. नऊच दिवसांनी यहुद्यांची धरपकड झाली हा योगायोग म्हणणे जड जाते. १७ एप्रिल १९४४ ला क्वाद्रारो या कामगार वस्तीला वेढा घालून सातशेहून अधिक पुरुष मजुरीसाठी नेले. आणि जर्मन बाजूने लढायला नकार देऊन छावण्यांत खितपत पडलेले इटालियन सैनिक सहा लाखांहून अधिक. यांतल्या कुणाचेच भिंतीवर अक्षर नाही. परत आलेल्या सैनिकांकडे तर देशाने वर्षानुवर्षे शरणागतीचे अवशेष म्हणून पाहिले. छळ सोसणाऱ्याची प्रतिमा चटकन उभी राहते, नुसत्या ‘नाही’ म्हणून भुकेने मरणाऱ्याची राहत नाही.

माझा एक आक्षेप संग्रहालयावर नसून शहरावर आहे. व्हिया तास्सो हे जर्मनांचे घर होते. पण त्याच महिन्यांत पिएत्रो कोख नावाच्या इटालियनाची टोळी पेन्सिओने ओल्त्रेमारे आणि पेन्सिओने याक्कारिनो या खाणावळवजा निवासांत माणसांचे हाल करीत होती. दिग्दर्शक लुकीनो व्हिस्कोन्ती त्यांच्या कोठडीत होता. ३३५ च्या यादीतली पन्नास नावे रोमचा पोलीसप्रमुख पिएत्रो कारूझो याने पुरवली. ३० नोव्हेंबर १९४३ च्या हुकमानंतर यहुद्यांना पकडण्याचे काम इटालियन पोलीस करीत होते, आणि १९३८ चे वंशविषयक कायदे तर जर्मन येण्याआधीचे, पूर्णपणे स्वदेशी. कारूझो आणि कोख दोघांनाही गोळ्या घातल्या गेल्या. पण त्या निवासांचे संग्रहालय झाले नाही. शाळेची मुले व्हिया तास्सोला येतात आणि क्रौर्य जर्मन बोलत होते असे शिकून जातात. मास्तर चांगला असला तर उरलेले सांगतो.

आता तात्यांकडे येतो. मेच्या अकरा-बारा तारखेला, मॉन्ते कास्सिनोच्या पायथ्याशी, गारी नदी ओलांडून आठवी भारतीय डिव्हिजन पुढे सरकली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन तिच्यात होती. व्हिया तास्सोच्या भिंतीवर रेघा ओढणारे ज्यांची वाट पाहत होते त्या सैन्यात आपली माणसे होती, हे मला त्या खोलीत उभे असताना ठाऊक नव्हते, घरी येऊन वाचल्यावर कळले. रोम पडल्यावर पाच आठवड्यांनी, १० जुलैला, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तिबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने छायाघड्याळ उभारले. व्हिया तास्सोत मात्र मुक्ती म्हटले की जी छायाचित्रे डोळ्यांपुढे येतात ती अमेरिकी रणगाड्यांची. त्याबद्दल माझी फार तक्रार नाही. त्या दिवशी रोमच्या रस्त्यांवर तेच होते.

शेवटची रात्र. ३ जूनला दोस्तसैन्य वेशीवर आले तेव्हा जर्मनांनी कैद्यांना ट्रकांत भरायला सुरुवात केली. पोपच्या मध्यस्थीने जुलियानो वास्साल्ली सुटले. ते पुढे इटलीचे कायदामंत्री आणि घटनापीठाचे अध्यक्ष झाले. पालादिनी ज्या ट्रकमध्ये जायचा तो ट्रक चालूच झाला नाही, म्हणून तो वाचला, म्हणून पुढे या संग्रहालयाला संचालक मिळाला. दुसरा ट्रक चालू झाला. तो शहराच्या उत्तरेला ला स्तोर्ता इथे थांबला आणि ४ जूनला, रोम सुटत असताना, त्यातल्या चौदा जणांना मारले. त्यांत कामगार पुढारी ब्रूनो बुओत्सी होते. आणि एक जॉन आर्मस्ट्राँग नावाचा इंग्रज होता. त्याच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हते. कित्येक दशकांनी कागद जुळवणाऱ्यांनी शोधून काढले की तो इंग्रज नव्हता आणि आर्मस्ट्राँगही नव्हता. तो ब्रिटिश गुप्त सेवेसाठी काम करणारा मूळचा हंगेरियन माणूस होता आणि त्याचे नाव गाबोर आडलर होते. जर्मनांच्या हाती सापडल्यावर त्याने जे खोटे नाव सांगितले ते इतके पक्के धरून ठेवले की त्याच नावाने तो मेला आणि त्याच नावाने पुढची कित्येक वर्षे त्याला फुले वाहिली गेली.